पंचावन्नची रेघ

१९६० च्या सप्टेंबरात कोकण-मलबार एअरवेज या कंपनीनं तीन माणसांची एक कमिटी नेमली. कमिटीपुढे प्रश्न एकच होता. वैमानिकानं कितव्या वर्षी विमान सोडायचं? कंपनीच्या मनात पंचावन्न होतं. तरुण वैमानिकांनाही तेच हवं होतं, कारण वरचे हलल्याशिवाय त्यांना डाव्या खुर्चीत, म्हणजे कप्तानाच्या खुर्चीत, बसायला मिळणार नव्हतं. पंचावन्न उलटलेले सात कप्तान कंपनीत होते. त्या सातांच्या वतीनं बोलायला उभा राहिला गर्शोम वाक्रुळकर.

गर्शोम पनवेलचा, बेने इस्रायल या मराठी ज्यू समाजातला. जुहूच्या फ्लाइंग क्लबात तो इंजिनं पुसायला लागला आणि पुसता पुसता उडायला शिकला. सत्तेचाळीस साली निर्वासितांना घेऊन त्यानं दिवसाला तीन-तीन फेऱ्या केल्या होत्या, खुर्च्या काढून टाकलेल्या डकोटा विमानात माणसं फरशीवर बसवून. पनवेलीत त्याला नावानं कुणी हाक मारत नसे. बाजारापासून कोर्टापर्यंत सगळे त्याला कप्तान म्हणत, आणि ते त्याला आवडे.

कमिटी सांताक्रूझला हँगरच्या वरच्या खोलीत बसली होती. गर्शोम टेबलावर हात टेकवून बोलला.

"साहेब, माझा जन्मदाखला विमान उडवत नाही. चाळिशीतला माणूस रात्री पिऊन सकाळी कामावर येईल, त्याला तुमची रेघ अडवणार नाही. आमचे टिपणीस सत्तावन्न वर्षांचे आहेत. धावपट्टीच्या त्या टोकाला बसलेले बगळे ते या टोकावरून मोजतात. त्यांना मात्र अडवणार. आम्हाला तपासा. दर सहा महिन्यांनी तपासा. नापास झालो तर त्याच दिवशी घरी पाठवा. पण तपासल्याशिवाय पाठवू नका."

अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश होते. ते म्हणाले, "कप्तान, अमेरिकेनंसुद्धा यंदा रेघ ओढलीय. साठ."

"मग आपण त्यांच्याहून पाच वर्षांनी शहाणे कसे झालो?"

मागच्या बाकांवरचे जुने कप्तान मोठ्यानं हसले. कमळाकर टिपणीसनं तर बाकावर थाप मारली. गर्शोम खाली बसला तेव्हा खोली त्याच्या बाजूची झाली होती.

मग अध्यक्षांनी पुढचं नाव वाचलं. "को-पायलट मनासे आपटेकर."

गर्शोमला वाटलं, आपली ऐकण्यात चूक झाली. मनासे त्याचा भाचा. मोठी बहीण सॅली, तिचा एकुलता मुलगा. बाप शालोम वारला तेव्हा मनासे नऊ वर्षांचा होता. गर्शोमनं दोघांना पनवेलला आणलं, आपल्या घरापासून दोन गल्ल्यांवर जागा घेऊन दिली. मनासेला त्यानंच जुहूला नेलं, त्यानंच शिकवलं, आणि गेली दोन वर्षं तो त्याच्याच उजव्या खुर्चीत बसत होता.

मनासेनं गर्शोमकडे पाहिलं नाही. हातातला कागदही त्यानं उघडला नाही.

"बारा ऑगस्टला आम्ही बेळगावला उतरत होतो," तो म्हणाला. "पाऊस होता. ढग खाली होते. कप्तान उंची वाचत होते आणि वाचलेली उंची चूक होती. पाचशे फुटांची चूक. मी ओरडलो. त्यांनी ऐकलं नाही. ढगातून बाहेर आलो तेव्हा समोर टेकाड होतं आणि टेकाडावर म्हशी होत्या. म्हशींची शिंगं दिसली मला. मी दांडा माझ्याकडे ओढला. मागे एकवीस प्रवासी होते."



"विमानाच्या वहीत याची नोंद आहे?" अध्यक्षांनी विचारलं.

"वहीत कप्तानांनी लिहिलंय, हवामान खराब, उतरणं सुरळीत."

"हा एकच प्रसंग?"

"हा सगळ्यात वाईट. वर्षभर मी त्यांना काटे वाचून दाखवतोय. आधी ते विचारायचे. मग मी न विचारता सांगायला लागलो."

"डॉक्टरी तपासणीत ते पास आहेत."

"कंपनीच्या डॉक्टरांच्या भिंतीवर अकरा वर्षं डोळे तपासायचा एकच तक्ता आहे. मामांना तो पाठ आहे."

"हे तुम्ही आधी का सांगितलं नाहीत?"

"त्यांना सांगितलं. तीन वेळा. तिसऱ्या वेळी त्यांनी माझ्या कामावर शेरा मारला. हाताखाली काम करण्यास अयोग्य."

खाली येताना जिन्यात कमळाकरनं गर्शोमचा दंड धरला. दोघं पंचवीस वर्षांचे सोबती. "गर्शोम, एकच सांग. खोटं बोलतोय ना तो?"

"खोटं," गर्शोम म्हणाला.

"बस्स. मग मी बघतो. सगळ्यांच्या सह्या घेतो. असल्या साक्षीवर कमिटी चालते काय!"

मनासे खाली हँगरच्या दारात उभा होता. पळून जाणं त्याला शक्य होतं, पण तो थांबला होता. गर्शोम त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"माझ्या खुर्चीचं माप कधीपासून घेत होतास?"

"मामा, एकवीस माणसं होती."

"तुझ्या बापाला पुरून आलो त्या दिवसापासून तुला माझ्या ताटात जेवायला घातलं."

"म्हणूनच वर्षभर गप्प बसलो. माझं पाप तेच आहे. बाकी मी काही चुकीचं केलं नाही."

"घरात बोलायचं होतंस."

"घरात बोललो, तर शेरा मिळाला."

"मी गेलो की डाव्या खुर्चीत तू बसणार. हे त्या न्यायाधीशाला का नाही सांगितलंस?"

मनासेचा चेहरा लाल झाला. "त्यांनी विचारलं असतं तर सांगितलं असतं. मला कप्तान व्हायचं आहेच. म्हणून म्हशी खोट्या ठरत नाहीत."

"मला मामा म्हणू नकोस," गर्शोम म्हणाला. "रस्त्यात दिसलो तरी म्हणू नकोस."

*

बातमी पनवेलला त्याच्या आधी पोचली. दुसऱ्या दिवशी सकाळी मासळीवाली भामा पायरीवर पाटी उतरवत म्हणाली, "कप्तान, तुमी आता इमान उडवनार नाय म्हनं? भाच्यानं खाली उतरवलान?"

"तुला कुणी सांगितलं?"

"सगला बाजार बोलतंय. आमाला काय ठावं?"

गर्शोमनं मासळी न घेता दार लावलं. त्याची मुलगी तमार नगरपालिकेच्या शाळेत शिक्षिका होती. शाळेत निघता निघता तिनं विचारलं, "बाबा, मनासे म्हणतो ते—"

"त्याचं नाव या घरात घ्यायचं नाही."

शनिवारी शालोमचं वर्षश्राद्ध होतं, त्याला जाऊन बावीस वर्षं झाली होती. दर वर्षी या दिवशी मुलानं सिनेगॉगमध्ये बापाच्या नावानं कद्दीश, म्हणजे गेलेल्या माणसासाठीची प्रार्थना, म्हणायचं, आणि त्यासाठी दहा पुरुष हजर लागतात. नऊ असले तर चालत नाही. एके काळी पनवेलीत दहा माणसं जमवणं म्हणजे काही काम नव्हतं. पण गेल्या दहा वर्षांत इस्रायली तळ्याकाठची निम्मी घरं इस्रायलला निघून गेली होती. आता हजान, म्हणजे प्रार्थना चालवणारे, दर शनिवारी दाराकडे बघत मनातल्या मनात डोकी मोजत.

त्या सकाळी नऊ पुरुष जमले. त्या नवांत गर्शोम होता. मग दारातून मनासे आला आणि दहा भरले. हजानांचा जीव भांड्यात पडला. बायकांच्या बाजूला सॅली पांढरी साडी नेसून बसली होती. मनासे पुढे जाऊन उभा राहिला, त्यानं पुस्तक उघडलं, आणि गर्शोम उठला.

त्यानं खांद्यावरची प्रार्थनेची शाल काढली, नीट घडी केली, पिशवीत ठेवली.

"गर्शोम, बसा," हजान हळूच म्हणाले. "भांडण माणसाशी आहे. देवाशी नाही."

"विमान चालवायला मी निकामी," गर्शोम सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "आणि मोजायला चालतो काय? ज्याला माझी गरज नाही त्यानं नवांत भागवावं."

"मी तुमच्या पाया पडतो," मनासे म्हणाला. "आज नको. बाबांसाठी थांबा. उद्या माझ्या तोंडावर थुंका."

गर्शोम बाहेर पडला. कद्दीश झालं नाही. कुणाला तरी पेणला पाठवून दहावा माणूस आणावा असं एकानं सुचवलं, पण शनिवारी गाडीत बसून येणार कोण?

*

संध्याकाळी दिवे लागायच्या आधी सॅली भावाकडे आली. ती त्याच्याहून तीन वर्षांनी मोठी. नवरा गेल्यापासून तिनं गर्शोमपुढे आवाज चढवला नव्हता. त्याच्या उपकाराखाली बावीस वर्षं काढली होती आणि त्याची आठवण तिला कुणी करून द्यावी लागत नव्हती. आज ती उंबऱ्याच्या आत आली नाही.

"बाहेर ये," ती म्हणाली.

"आत ये, ताई. लोक बघतील."

"सकाळी लोक नव्हते? बाहेर ये."

गर्शोम ओट्यावर आला. तमारही मागून आली. सॅली ओटा उतरून गल्लीच्या त्या टोकाला गेली. विहिरीच्या कठड्यापाशी वळून उभी राहिली. पंचवीस-तीस पावलांचं अंतर. तिनं हात वर केला.

"किती बोटं?" ती ओरडली.

"हा काय पोरखेळ आहे?"

"एकवीस माणसांचा जीव पोरखेळ नव्हता ना? मग सांग. किती बोटं?"

समोरच्या घरातली दोन माणसं दारात आली. गर्शोमनं डोळे बारीक केले. त्याला बहिणीची पांढरी साडी दिसत होती. साडीच्या वर काहीतरी हलत होतं.

"तीन," तो म्हणाला.

तमारनं तोंडावर पदर धरला. सॅलीची मूठ मिटलेली होती.

ती परत आली, ओट्याच्या खाली उभी राहिली. तिला धाप लागली होती. "माझा मुलगा बेळगावहून आला त्या दिवशी जेवला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मला म्हणाला, आई, मी सांगितलं तर मामा मरेल आणि नाही सांगितलं तर सगळेच. मी त्याला म्हटलं, सांग. ऐकलंस? मी म्हटलं. त्याला शिव्या दिल्यास, त्या मला दे."

"ताई—"

"तू आम्हाला सांभाळलंस. खरं आहे. त्याचं व्याज तू आज शालोमकडून वसूल केलंस, मेलेल्या माणसाकडून. यापुढे तू मेलास तर मी येईन, कारण ते धर्माचं आहे. जिवंतपणी येणार नाही."

ती गेली. गर्शोम तिथंच ओट्यावर बसला. तमार आत चला, आत चला म्हणत होती. त्यानं तिला विचारलं, "मूठ होती?"

"मूठ होती, बाबा."

*

सोमवारी तो ठाण्याला एका डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेला. तिथला तक्ता त्याला पाठ नव्हता. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, डॉक्टर म्हणाले, डाव्यात जास्त. वर्ष-दीड वर्षाचा असावा. काय काम करता? गर्शोम म्हणाला, कारकून आहे.

परत आल्यावर त्यानं तमारला कागद घेऊन बसवलं.

"कमिटीला लिही," तो म्हणाला. "को-पायलट आपटेकर यांनी बेळगावबद्दल सांगितलं ते खरं आहे."

तमारनं वर पाहिलं.

"लिही. माझी उंची वाचण्यात चूक झाली. ती मी वहीत लपवली. गेली तपासणी मी तक्ता पाठ करून पास झालो. आपटेकर यांच्यावरचा शेरा मी रागानं मारला, तो काढून टाकावा."

तमारचं पेन थांबलं होतं. "बाबा, हे लिहिल्यावर तुम्हाला उद्यापासून उडता येणार नाही."

"उद्यापासून उडणारच नाही. पुढे लिही. आता खरं काम आहे. मी नापास आहे, पण माझ्या वयामुळे नाही, माझ्या डोळ्यांमुळे. कंपनीनं तक्ता बदलला असता, बाहेरचा डॉक्टर आणला असता, तर मी वर्षापूर्वीच पकडला गेलो असतो. मला पकडायला पंचावन्नची रेघ लागत नाही, साधा दुसरा तक्ता लागतो. माझ्यामुळे बाकीच्या सहांना काढू नये. त्यांना तपासावं."

तमारनं ते लिहिलं. मग विचारलं, "मनासेला काही लिहू? वेगळं?"

"नाही."

"बाबा, तो खरं बोलला हे तुम्हीच लिहिताय."

"खरं बोलला म्हणून लिहितोय. मला आवडला म्हणून नाही. आण, सही कुठे करायची तिथं बोट ठेव."

कमिटीचा निकाल नोव्हेंबरात आला. गर्शोमला वाटलं होतं, आपल्या कागदानं वाद जिंकला जाईल. एवढा प्रामाणिक कागद, एवढा सरळ मुद्दा. निकालात त्याच्या कागदावर एक अख्खं पान होतं. तमारनं ते वाचून दाखवलं. अध्यक्षांनी लिहिलं होतं की, कप्तान वाक्रुळकर यांच्यासारखा नावाजलेला, सचोटीचा माणूस वर्षभर तपासणीला फसवू शकतो आणि आपल्या सहकाऱ्याचं तोंड बंद करू शकतो, तर तपासणीवर विसंबून राहणं धोक्याचं आहे. वैमानिक आपलं वैगुण्य स्वतःहून सांगणार नाही, हे या कबुलीजबाबानं सिद्ध होतं. वय मात्र कुणाला लपवता येत नाही. म्हणून पंचावन्न.

एक डिसेंबरपासून सातही कप्तान घरी.

त्याच आठवड्यात मनासेला डावी खुर्ची मिळाली. तो पनवेलला आला तेव्हा आधी आईकडे गेला आणि मग, सॅलीनं नको म्हटलं तरी, गर्शोमच्या ओट्यापर्यंत आला. गर्शोम आरामखुर्चीत बसला होता.

"शेरा काढला त्यांनी," मनासे म्हणाला. "ते सांगायला आलो."

"कळलं."

"मी पंचावन्न मागितलं नव्हतं. मी फक्त तुमच्याबद्दल बोललो होतो."

"त्या खोलीत माझ्याबद्दल बोलणं म्हणजे पंचावन्न मागणंच होतं. तुला कळत नव्हतं?"

"कळत होतं," मनासे म्हणाला. "आणि तुम्ही सातांच्या वतीनं बोलायला उभे राहिलात. सातांत डोळे गेलेले तुम्ही एकटेच. दुसरं कुणी बोललं असतं तर मी साक्षीला आलोच नसतो कदाचित. हे तुम्हाला कळत नव्हतं?"

गर्शोमनं तोंड विहिरीकडे फिरवलं.

"आई म्हणते, तुम्ही कागद पाठवलात म्हणून तुमचे आभार मानावेत."

"तिला सांग, तिच्यासाठी पाठवला नाही. तुझ्यासाठी तर नाहीच."

"मग आभार मानत नाही," मनासे म्हणाला आणि ओटा उतरला.

*

कमळाकर टिपणीस आला तो डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, एका बुधवारी भर दुपारी. मुंबईहून ठाण्यावरून एसटीनं आला होता. तमारनं खुर्ची पुढे केली, पाणी आणलं. त्यानं दोन्हीला हात लावला नाही.

"जिन्यात मी तुला एक प्रश्न विचारला होता," तो उभ्यानंच म्हणाला. "काय म्हणालास?"

"खोटं म्हणालो."

"खोटं बोलतोय तो, असं म्हणालास. तुझ्या शब्दावर मी पाच जणांच्या सह्या घेतल्या. आपटेकर मत्सरानं बोलतोय असं आम्ही लिहून दिलं. आठवड्याच्या आत तुझा कागद गेला. कमिटीनं आमच्या सह्या आणि तुझी कबुली शेजारी शेजारी ठेवल्या. आम्ही खोटारडे तरी ठरलो, नाहीतर मूर्ख तरी."

"मला उशिरा कळलं, कमळाकर."

"काय कळलं? डोळे गेले ते? डोळे गेलेले माणसाला दुसऱ्याकडून कळतात?"

गर्शोम म्हणाला, "मला वाटलं, खरं सांगितलं तर ते आपला मुद्दा ऐकतील."

"आपला नाही. तुझा. आम्हाला विचारलंस?"

"विचारलं असतं तर पाठवू दिला नसता."

"नसताच दिला! अरे, तुला खरं वागायचं होतं ना? मग मुकाट राजीनामा द्यायचास. डोळ्यांचं कारण लिहून, एका ओळीत. तू गेला असतास, तो पोरगा खरा ठरला असता, आणि आमच्या गळ्यात काही आलं नसतं. तीन पानं कशाला? मोतीबिंदू झाला तरी तुला भाषणच करायचं होतं."

गर्शोमला हे सुचलंच नव्हतं. अडीच महिन्यांत एकदाही नाही. विमान सोडायचं ठरवल्यावरसुद्धा वाद जिंकायचाच होता, त्या खोलीत पुन्हा एकदा सगळ्यांनी बाकावर थाप मारावी असं वाटत होतं. ते आता, कमळाकर समोर उभा असताना, त्याला पहिल्यांदा दिसलं.

"तू काय करणार आता?" शेवटी त्यानं विचारलं.

"माझ्या काय करण्याची चौकशी करू नकोस. मी विमान उडवतो, दुसरं काही येत नाही मला. मद्रासला एका कंपनीला लिहिलं, त्यांनी कळवलं, कोकण-मलबारनं पंचावन्न केलंय, आम्हीही करतोय. निकालातलं तुझ्यावरचं पान छापून घेतलंय त्यांनी. दाखवू?"

"नको."

"वाचता येणार नाहीच तुला."

तमार पुढे झाली. "काका, पुरे. ते कबूल करताहेत ना?"

"कबूल करणं फार आवडायला लागलंय त्याला," कमळाकर म्हणाला आणि वळला.

गर्शोम चपला घालून त्याच्या मागे निघाला. कमळाकर म्हणाला, येऊ नकोस. तरी तो चालत राहिला. उन्हातून दोघं एसटी स्टँडपर्यंत गेले, एक चार पावलं पुढे, एक मागे. रस्त्यात कुणीतरी "काय कप्तान!" म्हणालं आणि दोघांनीही मान वळवली नाही.

स्टँडच्या पार पलीकडच्या कोपऱ्यात एक गाडी उभी होती. गर्शोमला गाडीचा नुसता ठोकळा दिसत होता. "ती पेणची असेल," तो म्हणाला. "ठाण्याची इकडून सुटते."

कमळाकर थांबला. त्यानं डोळ्यांवर हातसुद्धा धरला नाही.

"ठाणे," तो म्हणाला. "मार्गे मुंब्रा. पाटीखाली खडूनं लिहिलंय, जादा गाडी. लिहिणारा 'जादा'चा शेवटचा काना विसरलाय. ड्रायव्हरच्या बाजूच्या काचेला तडा आहे, वरपासून खालपर्यंत. ड्रायव्हर विडी ओढतोय, डाव्या हातानं."

गर्शोमनं डोळे बारीक केले, पण ठोकळा ठोकळाच राहिला.

"मला दिसतं, गर्शोम," कमळाकर म्हणाला. त्याचा आवाज आता चढलेला नव्हता, आणि ते जास्त वाईट होतं. "सत्तावन्न वर्षांचा आहे मी आणि मला सगळं दिसतं. तुझ्यामुळे मी घरी बसलोय. हे तुला पाहायला लावायचं म्हणून इतक्या लांब आलो, आणि तुला तेही दिसत नाही."

तो गाडीकडे चालत गेला. ठोकळ्यापाशी पोचल्यावर तो ठोकळ्यातच मिसळून गेला. इंजिन सुरू झालं. गाडी वळून गर्शोमच्या समोरून, धूळ उडवत, ठाण्याच्या रस्त्याला लागली. गर्शोमनं हात वर केला आणि गाडीचा आवाज जाईपर्यंत तसाच धरून ठेवला. कमळाकर खिडकीशी बसला होता की पलीकडच्या बाजूला, त्यानं पाहिलं की तोंड फिरवलं, ते त्याला कळलं नाही.